छोट्या धंद्याचं नवीन वर्षाचं टार्गेट किती ठेवावं? (लाकडी घाणा, सातारा)

घाणेवाला_सातारा (२६ डिसेंबर २०२५, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ आमचा लाकडी घाण्याचा छोटा व्यवसाय आहे. मी, बायको आणि एक मदतनीस. शेंगदाणा मुख्य, त्याखालोखाल करडई, खोबरं, आणि संक्रांतीच्या आधी तीळ. सगळी तेलं धरून महिन्याला साधारण ६०० लिटर जातं, शिवाय पेंड. दोन्ही मिळून महिन्याची विक्री सव्वादोन-अडीच लाखाच्या घरात.

नवीन वर्षाचं टार्गेट ठरवायचं म्हणून काल घरात बसलो होतो. मोठा भाऊ (पुण्यात नोकरीला आहे, धंद्यात पैसे त्याचेही आहेत) म्हणतो विक्री दुप्पट, त्याच्या खाली बोलायचंच नाही. बायको म्हणते विक्री आहे तेवढी राहू दे, आधी उधारी गोळा करा आणि आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवा. उधारी आजच्या तारखेला २ लाख ४० हजार आहे, त्यात दोन हॉटेलं आणि एक मेस मोठी, बाकी ओळखीपाळखीचे. मला दोघांचंही पटतंय आणि म्हणूनच अडलोय.

तुम्ही धंदेवाले टार्गेट कशावर ठरवता? विक्रीवर, नफ्यावर, का अजून कशावर? आणि ठरवलेलं वर्षअखेरीला होतं का?

खमंग_फोडणी (२६ डिसेंबर, रात्री १०:३१)

धाग्यावर लक्ष ठेवून. आमच्या पापड-मसाल्याचं पण घरात हेच चालू आहे.

उंच_झोका (२६ डिसेंबर, रात्री १०:४८)

भाऊ बरोबर बोलतोय. दुप्पट ठेवाल तेव्हा कुठे दीडपट होईल, दहा टक्के ठेवाल तर पाच होतील. आम्ही पिंपरीत मसाला कांडपचं मशीन टाकलं तेव्हा सगळे म्हणाले एकच बास. मी सरकारच्या मुद्रा योजनेतून 'किशोर' गटातलं लोन काढलं आणि दुसरं टाकलं. आज धंदा दुप्पटच्या वर आहे. उधारी वसूल करणं हे रोजचं काम झालं हो, ते वर्षाचं ध्येय कसं होईल?

फॅब्रिकेटर_सांगली (२६ डिसेंबर, रात्री ११:२०)

घाणेवाले दादा, विक्रीचं नंतर बघू, आधी घाणा किती पेलतो ते सांगा. एका वेळी दाणा किती टाकता, एक घाणी उतरायला वेळ किती लागतो, दिवसाला किती घाण्या होतात? आमच्या शेडमध्ये मी हेच करतो, मशीन आणि माणसं मिळून किती तास देऊ शकतात ते आधी काढतो आणि मग ऑर्डरचा आकडा.

घाणेवाला_सातारा (२७ डिसेंबर, सकाळी ७:०५)

@फॅब्रिकेटर एका घाणीला १५-१६ किलो दाणा, तास-सव्वा तास लागतो. दिवसाला आरामात ६ होतात. अडीच किलो दाण्याला लिटरभर तेल धरा. दिवाळीच्या आधी मात्र रात्री ९ पर्यंत घाणा चालू होता आणि तरीही गिऱ्हाईक थांबलेलं असायचं.

फॅब्रिकेटर_सांगली (२७ डिसेंबर, सकाळी ९:४०)

मग हे बघा. ६ घाण्या म्हणजे ९३ किलोच्या आसपास दाणा, त्याचं ३७ लिटर तेल. महिन्याचे २५ दिवस धरले तर सव्वानऊशे लिटर. म्हणजे ६०० चे १२०० या एका घाण्यावर होणारच नाहीत, दुसरा घाणा किंवा दुसरी पाळी लागणार, आणि दुसरी पाळी म्हणजे दुसरा माणूस. भावाला हा आकडा दाखवा. त्यांचं टार्गेट चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ते विक्रीचं टार्गेट नाहीच, ते दुसरा घाणा घेण्याचं टार्गेट आहे, मग त्याचा हप्ता, जागा, विजेचा लोड सगळं त्यात धरा आणि मग बोला.

आता दुसरी बाजू. ६०० लिटरला ३७ च्या हिशेबाने १६-१७ दिवस पुरतात. तुम्ही महिनाभर रोज घाणा लावता म्हणजे बरेच दिवस तो अर्धाच चालतोय. वहिनी एक दिवस सुट्टी मागतायत त्याने तेल एक लिटरनेही कमी होत नाही. फक्त दिवाळीच्या महिन्यात सुट्टी देऊ नका. वहिनींचं टार्गेट जानेवारीपासूनच जमण्यासारखं आहे.

खमंग_फोडणी (२७ डिसेंबर, सकाळी ९:५५)

+१ आणि वाचनखूण साठवली. मी आज आमच्या गिरणीचा असाच हिशेब मांडते.

देवगडचा_हापूस (२७ डिसेंबर, दुपारी १:१५)

मला मूळ प्रश्नातली १ जानेवारीच पटत नाही. आमचं आंब्याचं आहे, सोबत कोकम आगळ आणि आंबापोळी. आत्ता झाडाला मोहोर यायचे दिवस. थंडी किती टिकते, मध्येच ढगाळ होतं का, तुडतुडा किती येतो यावर पीक ठरणार. आज मी पेट्यांचा आकडा लिहिला तर तो माझा आकडाच नाही, हवामानाचा आहे. माझ्या हातात काय आहे? तर थेट गिऱ्हाईक. म्हणून मी एवढंच ठरवतो की वाशीला दलालाकडे किती पेट्या पाठवायच्या आणि घरपोच किती द्यायच्या, त्यातला घरपोचचा वाटा दर वर्षी वाढवायचा. पीक कमी आलं तरी वाटा वाढवता येतो. मागच्या गिऱ्हाईकांना फोन करायला मी फेब्रुवारीत सुरुवात करतो, आंबा हातात आल्यावर नाही.

तेव्हा घाणेवाले दादा, तुमचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतं का ते आधी बघा. मला वाटतं तुमचं वर्ष नवीन शेंग बाजारात येते तेव्हा सुरू होतं.

वहीखाते (२७ डिसेंबर, दुपारी २:३०)

हापूसरावांशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे संकल्पाला मुहूर्त भरपूर, १ जानेवारी हुकला तर गुढीपाडवा, तो हुकला तर १ एप्रिल, आणि काहीच नाही जमलं तर दिवाळीचा पाडवा आहेच. आमच्या दुकानात वहीपूजन अजूनही दिवाळी पाडव्यालाच होतं, जुन्या वहीतली येणी नव्या वहीत उतरवताना आजोबा प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचे आणि उद्या कोणाकडे जायचं ते तिथेच ठरायचं. उधारी हे वर्षाचं ध्येय नाही असं वर कोणी म्हणालंय, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या पहिलं ध्येय तेच होतं.

अजून एक. या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या महिन्यांची सरळ तुलना करू नका. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. यंदा दिवाळी ऑक्टोबरमध्येच झाली. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरमध्ये तुमची विक्री यंदाच्या ऑक्टोबरपेक्षा कमी दिसली तर घाबरू नका आणि नोव्हेंबरमध्ये एकदम वाढली तर हुरळूनही जाऊ नका. सणाआधीचे ६ आठवडे यंदाच्या सणाआधीच्या ६ आठवड्यांशी लावून बघा. आणि अधिक महिन्यात लग्नकार्यं नसतात, केटरिंगवाल्यांनी आपलं मे-जूनचं टार्गेट आत्ताच कमी करून ठेवावं.

घरचा_डबा (२७ डिसेंबर, दुपारी ३:०२)

बापरे, अधिक महिना डोक्यातच नव्हता. आमची मेच्या शेवटच्या आठवड्याची गणितं सगळी लग्नांवर असतात. खूप आभार @वहीखाते.

भाकरतुकडा (२७ डिसेंबर, दुपारी ३:२०)

अधिक महिन्यात जावयाला अनारसे असतात की, अनारशाच्या पिठाचं टार्गेट वाढवा :)

अवांतर: करडईचं तेल काढणारे आता फार कमी राहिलेत. सोलापूरकडचा माणूस आहे मी, ज्वारीची भाकरी, खरडा आणि वर कच्चं करडई तेल, याच्यापुढे मला काही नको. साताऱ्याला करडई कुठून आणता?

घाणेवाला_सातारा (२७ डिसेंबर, रात्री ८:४५)

@भाकरतुकडा बार्शी आणि लातूर बाजूनं येते, ओळखीचे शेतकरी आहेत. करडई कडक असते, घाण्याला वेळ जास्त लागतो, पण तुमच्यासारखे लोक लांबून येऊन पाच-पाच लिटर नेतात.

@फॅब्रिकेटर दादा, तुमचा हिशेब भावाला फोनवर वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला बरोबर आहे, पण दुसऱ्या घाण्याचं कोटेशन तरी मागव. सुट्टीचं आज ठरलं, सोमवार.

उंच_झोका (२७ डिसेंबर, रात्री ९:३०)

बघा, दुसऱ्या घाण्यावर आलातच. माझं म्हणणं तेच आहे. माणूस जेवढं डोळ्यासमोर ठेवतो तेवढ्याच दिशेनं हलतो. सगळ्यांनी क्षमता-क्षमता केलं असतं तर कोणी मोठं झालंच नसतं.

मिनाक्षी_टेलर्स (२७ डिसेंबर, रात्री १०:१०)

@उंच_झोका दादा, एक विचारू का, दुप्पट व्हायला तुम्हाला किती वेळ लागला?

उंच_झोका (२७ डिसेंबर, रात्री १०:२६)

तीन वर्षं. पहिलं वर्ष हप्ते आणि माणसं शिकवण्यात गेलं.

मिनाक्षी_टेलर्स (२७ डिसेंबर, रात्री १०:५०)

मग आपण सगळे एकच बोलतोय. तीन वर्षांत दुप्पट हे मोठं ध्येयच आहे आणि चांगलं आहे, पण ते एका कॅलेंडरवर बसवलं की माणूस मार्चपर्यंत दमतो आणि एप्रिलनंतर त्या कागदाकडे बघतच नाही. माझं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं काम आहे, दोन मुली मदतीला. मागच्या वर्षी मी विक्रीचा आकडा लिहिलाच नाही. एकच ठरवलं, दिलेल्या तारखेला कपडा तयार. त्यासाठी लग्नसराईत नवीन गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणावं लागलं, ते मला सगळ्यात अवघड गेलं, कारण आपल्याला आलेलं काम परत पाठवायची सवयच नसते. पण तारीख पाळली की बायका आपोआप बहिणीला, जावेला घेऊन येतात. उत्पन्न वाढलं, आणि मुख्य म्हणजे रात्री बारापर्यंत शिवत बसणं बंद झालं. तुमच्या मिसेस सुट्टी मागतायत ना, ती मागणी छोटी समजू नका. दोन माणसांच्या धंद्यात एक माणूस आजारी पडला की निम्मा कारखाना बंद.

हिशेबनीस (२८ डिसेंबर, सकाळी ११:००)

मी अकाउंट्सचं काम करतो म्हणून दोन गोष्टी, ज्या टार्गेट ठरवायच्या आधी बघायला हव्यात.

पहिली जीएसटी. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखाच्या वर उलाढाल गेली की नोंदणी करावी लागते. तुमची आज २७ ते ३० लाख होते. दुप्पट झाली तर ५५-६० लाख, म्हणजे तुम्ही सरळ नोंदणीत येता, आणि पेंडेची विक्रीही उलाढालीत धरायची, ती बाजूला काढता येत नाही. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स भरायची सोपी योजना) घेता येतं, उत्पादकाला १ टक्का, पण तो तुमच्या खिशातून भरायचा, बिलावर लावता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. बेळगाव-गोव्याला पार्सल पाठवायचं मनात असेल तर कंपोझिशन चालणार नाही. रेग्युलरमध्ये खाद्यतेलाला ५ टक्के. ४० लाखाला घाबरून धंदा छोटा ठेवा असं मुळीच नाही, पण ४१ लाखावर अडकून राहण्यात त्रास जास्त. एकतर त्याच्या आत चांगला नफा काढा किंवा नीट तयारीनं बरंच पुढे जा.

दुसरी उधारी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली आहे का? नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. तुम्ही स्वतः तेल काढता म्हणजे उत्पादक आहात, सूक्ष्म उद्योगात बसता. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असा २००६ च्या कायद्यातच नियम आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. नुसता खरेदी-विक्री करणारा ट्रेडर असेल तर त्याला याचा उपयोग नाही. आणि समोरचं हॉटेल छोटं असून अंदाजित उत्पन्नावर (खर्च न दाखवता विक्रीच्या ठरावीक टक्क्यावर) टॅक्स भरत असेल तर या टॅक्सच्या नियमाचा त्याला फारसा धाक नाही. म्हणून भांडायला जाऊ नका, बिलावर उद्यम नंबर आणि मुदतीची तारीख छापा आणि मार्चच्या सुरुवातीला सगळ्यांना खात्याचा उतारा पाठवा. मोठं हॉटेल असेल तर त्यांचा सीए स्वतःच मालकाला सांगतो.

लेस्टरची_सुगरण (२८ डिसेंबर, दुपारी ४:४०)

इंग्लंडमध्येही तीच गंमत आहे. मी इथे मराठी जेवणाचे डबे देते. व्हॅटची मर्यादा ९० हजार पौंड आहे आणि बरेच छोटे लोक त्याच्या अलीकडेच थांबून राहतात. इथलं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे माझाही संकल्प गुढीपाडव्याच्या आसपासच होतो, छान वाटतं :)

घाणेवालीण (२८ डिसेंबर, रात्री ९:१५)

नमस्कार, मी घाणेवाल्यांची मिसेस. यांच्या फोनवरून वाचत होते, मग स्वतःच आयडी काढला.

एक सांगायचंय. उधारी उधारी मी काही कटकट म्हणून करत नाही. दुकानात सकाळी मी बसते, त्यामुळे आडत्याकडून दाणा घ्यायला आमच्याकडे पैसे नसतात तेव्हा त्याला फोन मला करावा लागतो. आम्ही दाणा उधारीवर उचलतो म्हणून त्याचा भाव आम्हाला किलोमागे ४-५ रुपये जास्त पडतो. म्हणजे मेसवाला आमचे पैसे वापरतो आणि आम्ही आडत्याचे, आणि त्याची किंमत आमच्या तेलातून जाते. हे मी घरी सांगितलं तर म्हणतात चालतंच धंद्यात. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय म्हणून लिहिलं.

वहीखाते (२८ डिसेंबर, रात्री ९:४५)

ताई, या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंत. हिशेब बघा. किलोमागे ४ रुपये आणि लिटरला अडीच किलो दाणा, म्हणजे लिटरमागे १० रुपये. एक लिटरही जास्त न विकता लिटरमागे १० रुपये. दुप्पट विक्रीच्या नादात हे कोणाला दिसलं नव्हतं, मलाही नाही.

आणि वेळ पण हीच आहे. खरिपाची शेंग आत्ता बाजारात आहे, पावसाळ्यात जसजसा साठा संपतो तसा दाणा सहसा महाग होत जातो. उधारीतले दीड लाख संक्रांतीपर्यंत हातात आले तर तेवढ्याचा दाणा रोखीत घ्या. २ लाख ४० हजार सगळे येणार नाहीत, ओळखीपाळखीतले काही रडत-खडत येतील. दीड लाख हे होण्यासारखं आहे कारण मोठी नावं तीनच आहेत, तिघांकडे समोरासमोर जाऊन बसता येतं.

उंच_झोका (२८ डिसेंबर, रात्री १०:०५)

वहिनी, मी उधारीला रोजचं काम म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. दाण्याच्या भावाशी त्याचा संबंध मला माहीतच नव्हता. आणि दुसरा घाणा घेताना बँक हेच बघते, येणी किती जुनी आहेत. तेव्हा वहिनींचं टार्गेट आधी झालं की भावाचं टार्गेट सोपं होईल.

घाणेवाला_सातारा (२९ डिसेंबर, रात्री ११:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही हॉटेलांकडे जाऊन आलो. एकाने निम्मे दिले आणि बाकीची १० जानेवारी ही तारीख दिली, दुसऱ्याने फक्त चहा दिला. मेसवाल्याकडे उद्या मिसेस येणार आहे म्हणतेय, मला वाटतं तिथे पैसे येतील.

आमचं सध्या असं ठरलंय. मार्चअखेर उधारी लाखाच्या खाली, हॉटेलांना पुढचा डबा मागचे पैसे आल्यावरच. सोमवारी बंद. विक्री ६०० वरून ७०० लिटर, तेही दिवाळीचे महिने सोडून, कारण घाणा रिकामा तेव्हाच असतो. त्यासाठी दोन नवीन सोसायट्यांमध्ये महिन्यातून एकदा घरपोच. दुसऱ्या घाण्याचा विचार दिवाळीनंतर, तोपर्यंत भाऊ कोटेशन गोळा करेल. उद्यम नोंदणी आज करून टाकली.

एक शंका राहिली. दाणा रोखीत एकदम घेतला तर दोन-अडीच महिने ठेवावा लागेल, आमच्याकडे गोडाऊन नाही, दुकानाच्या मागची खोली आहे. टिकेल का?

फॅब्रिकेटर_सांगली (२९ डिसेंबर, रात्री ११:३०)

फोडलेला दाणा नका ठेवू, शेंगच घ्या, टरफलात जास्त टिकते. आणि लागेल तसं दर आठवड्याला फोडून घ्या.

भाकरतुकडा (३० डिसेंबर, सकाळी ८:२०)

शेंग घेताना मूठभर हातात घेऊन हलवा, आतला दाणा खुळखुळ वाजला पाहिजे. वाजत नसेल तर ओली आहे, तशी पोत्यात भरली की बुरशी धरते, आणि तो बुरशीचा दाणा तेलात गेला तर अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) धोका. शंका आली तर दोन उन्हं द्या. पोती फरशीवर थेट नको, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर लांब. मागच्या खोलीला खिडकी आहे ना?

घाणेवालीण (३० डिसेंबर, सकाळी ८:५०)

खिडकी आहे, पूर्वेला. फळ्या जुन्या घाण्याच्या पडून आहेत त्या टाकते. शेंगांचं टरफल कोणी घेतं का, की तेही आम्हीच संपवायचं?

देवगडचा_हापूस (३० डिसेंबर, सकाळी ९:३०)

ताई, साताऱ्याकडे गुऱ्हाळं आहेत की, चुलाणाला टरफल घेतात का एकदा विचारून बघा. नाहीतर नर्सरीवाले कुंड्यांत घालायला नेतात.